रविवार आला कुठून अन् गेला कुणाकडे?

मैत्रिणींनो, स्वयंपाकघराच्या भिंतीवरचं कॅलेंडर जरा नीट बघा. दुधाचा खाडा, गॅसचा नंबर लावल्याची तारीख, संकष्टी, एकादशी, भिशीचा दिवस... आपला सगळा संसार त्या चौकोनांत मांडलेला असतो. त्यात एक रांग मात्र ठळक लाल असते. रविवारची.

आपले सणवार तिथीनं येतात. गुढीपाडवा कधी मार्चात, कधी एप्रिलात. दिवाळीचंही तसंच. पूर्वी गवंडी, सुतार अमावास्येला काम बंद ठेवायचे, गावोगावी अजूनही ठेवतात. पण हा लाल रविवार ना तिथी बघतो ना नक्षत्र. सहा दिवस झाले की हजर! मग हा लाल रंग दिला कुणी?

आमच्या महिला मंडळात मी हा प्रश्न टाकला होता. एकजण म्हणाली, "इंग्रजांनी." दुसरी म्हणाली, "सरकारनं." आणि एक वयस्कर काकू ठामपणे म्हणाल्या, "अगं, खंडोबाचा वार तो, म्हणून सुट्टी!" गंमत म्हणजे तिन्ही उत्तरांत थोडं थोडं तथ्य आहे. पण मूळ गोष्ट त्याहून पुष्कळ जुनी आहे आणि ती सुरू होते ज्यू लोकांपासून.

ज्यूंच्या धर्मग्रंथात सांगितलंय, की देवानं सहा दिवसांत सृष्टी घडवली आणि सातव्या दिवशी विसावा घेतला. म्हणून माणसानंही सातव्या दिवशी काम थांबवायचं. हा त्यांचा शब्बाथ. शुक्रवारी सूर्य मावळला की सुरू होतो आणि शनिवारी रात्री संपतो. या आज्ञेत कुणाकुणाला सुट्टी द्यायची, याची यादीच आहे. मुलगा, मुलगी, नोकर, मोलकरीण, बैल, गाढव, इतकंच काय, दारी आलेला परका माणूससुद्धा! एके ठिकाणी तर याचं कारणही दिलंय, की तुम्ही स्वतः एकेकाळी इजिप्तमध्ये गुलाम होतात, हे विसरू नका. गुलामाला सुट्टी नसते. ज्याला सुट्टी आहे, तो स्वतंत्र माणूस. किती मोठा विचार आहे, नाही का?

त्या यादीत बायकोचा वेगळा उल्लेख मात्र नाही. 'तू' म्हटलं त्यात तीही आली, असं जाणकार सांगतात. शिवाय शब्बाथला विस्तव पेटवायचा नाही, हा नियम. त्यामुळे शुक्रवारी सूर्यास्ताच्या आत सगळा स्वयंपाक उरकून ठेवायचा आणि दुसऱ्या दिवशी तेच खायचं. म्हणजे सुट्टी थेट चुलीपर्यंत पोचली होती! आपल्याकडेही शीतला सप्तमीला काही घरांत चूल पेटवत नाहीत, आदल्या दिवशी केलेलं गार अन्न खातात. पण ते वर्षातून एकदा. इथे दर आठवड्याला.

हे सगळं फार दूरचं वाटेल, पण तसं नाही. आपल्या कोकणात, अलिबाग-रेवदंड्याच्या बाजूला, बेने इस्राएली ज्यू शेकडो वर्षं राहिले. मराठीच बोलणारे. त्यातले बरेचजण तेलाचे घाणे चालवायचे आणि शनिवारी घाणा बंद ठेवायचे. म्हणून गावकऱ्यांनी त्यांना नावच दिलं, 'शनवार तेली'. बाकी गावात कुणालाही आठवड्याची सुट्टी नसताना हे लोक दर शनिवारी काम थांबवत होते. आपल्या मातीत आठवड्याची सुट्टी अशी आधीपासूनच होती, फक्त वार वेगळा.

येशू ख्रिस्त जन्मानं ज्यूच. त्याच्या आयुष्यातली एक गोष्ट मला फार आवडते. शब्बाथच्या दिवशी प्रार्थनामंदिरात एक बाई आली. अठरा वर्षं पाठीतून वाकलेली, तिला सरळ उभं राहता येत नव्हतं. येशूनं तिला जवळ बोलावून बरं केलं. मंदिराचा प्रमुख चिडला. म्हणाला, बाकीचे सहा दिवस आहेत की, आजच कशाला? तेव्हा येशूनं त्याला उलट विचारलं, की विसाव्याच्या दिवशी तुम्ही बैल सोडून पाण्यावर नेताच ना, मग या बाईला मोकळं केलं तर काय बिघडलं? धर्म कुठलाही असो, वाकलेल्या पाठीच्या बाईचा विचार आधी करणारी ही गोष्ट आपल्या कुणालाही पटावी अशीच आहे.

येशूला शुक्रवारी क्रुसावर चढवलं. तो गुड फ्रायडे. आणि तिसऱ्या दिवशी, म्हणजे रविवारी, तो पुन्हा उठला, ही ख्रिस्ती लोकांची श्रद्धा. म्हणून सुरुवातीचे ख्रिस्ती लोक रविवारी एकत्र जमून प्रार्थना करू लागले. पण तेव्हा रविवारी सुट्टी नव्हती. सुट्टी झाली इ.स. ३२१ मध्ये. रोमचा सम्राट कॉन्स्टंटाइन यानं हुकूम काढला, की सूर्याच्या दिवशी न्यायालयं आणि शहरातले कारागिरांचे कारखाने बंद ठेवावेत. सूर्याचा दिवस म्हणजे आपला रविवारच! ग्रहांच्या नावांचा हा आठवडा ग्रीक-रोमन जगातून आपल्याकडेही आला. मध्य प्रदेशातल्या एरण इथल्या इ.स. ४८४ च्या शिलालेखात तिथीबरोबर गुरुवारही कोरलेला आहे.

कॉन्स्टंटाइनच्या त्या हुकुमात एक सूट मात्र होती. शेतकऱ्यांनी रविवारी काम केलं तरी चालेल. पेरणीची वेळ निघून गेली तर नुकसान व्हायचं, असा विचार. म्हणजे पहिल्याच सुट्टीच्या कायद्यात अन्न पिकवणाऱ्याला सुट्टी नाही! आणि ते अन्न शिजवणारीचा तर विषयच निघाला नव्हता.

पुढे युरोपभर ख्रिस्ती धर्म पसरला आणि रविवार सार्वजनिक जीवनात मुरला. सकाळी चर्च, मग घरी जेवण, दुकानं बंद. ही सवय इतकी पक्की झाली, की ती मोडायला गेलेल्यांचेच हात पोळले. फ्रान्समध्ये राज्यक्रांतीनंतर १७९३ मध्ये चर्चचा प्रभाव घालवायचा म्हणून सात दिवसांचा आठवडाच रद्द केला. दहा दिवसांचा नवा आठवडा आणि दहाव्या दिवशी सुट्टी! लोकांना ते पचलं नाही. शेवटी नेपोलियननं १८०६ पासून जुनं कॅलेंडर परत आणलं. रशियात १९२९ मध्ये साम्यवादी सरकारनं कारखाने रोज चालावेत म्हणून कामगारांचे पाच गट पाडले आणि प्रत्येक गटाला वेगळ्या दिवशी सुट्टी दिली. नवऱ्याची सुट्टी आज, तर बायकोची परवा. एका घरातली माणसं एका दिवशी एकत्र जेवायला बसेनात. अकरा वर्षांत, १९४० मध्ये, तिथेही रविवार परत आला. यावरून एवढं कळतं, की सुट्टी नुसती अंगाला विश्रांती म्हणून नसते. ती सगळ्यांना एकाच दिवशी लागते, तरच माणसं माणसांना भेटतात.

आता आपल्याकडे येऊ. इंग्रज साहेब रविवारी चर्चला जायचे. त्यांच्याबरोबर त्यांच्या कचेऱ्या आणि न्यायालयंही बंद. पण ही सुट्टी साहेबाची आणि त्याच्या कारकुनाची. मुंबईच्या कापड गिरण्यांत राबणाऱ्या कामगाराला तिचा काय उपयोग? गिरणी सुरू व्हायची उजाडताना आणि थांबायची दिवस मावळल्यावर. त्यात बायकाही होत्या, लहान मुलंही. सणावाराला गिरणी बंद असे, पण आठवड्याला हक्काचा असा एक दिवस नव्हता.

तो दिवस मिळवून दिला नारायण मेघाजी लोखंडे यांनी. महात्मा जोतीराव फुल्यांचे हे सहकारी. मूळचे ठाण्याचे, १८४८ चा जन्म. रेल्वेत, पोस्टात नोकरी केली, मग गिरणीत स्टोअरकीपर झाले आणि तिथे कामगारांचे हाल डोळ्यांनी पाहिले. 'दीनबंधु' हे पत्र ते चालवायचे. १८८४ मध्ये त्यांनी परळला कामगारांच्या सभा घेतल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचं निवेदन तयार केलं. मागण्या अगदी साध्या होत्या. रविवारी पूर्ण सुट्टी द्या. दुपारी अर्धा तास जेवायला द्या. पगार पुढच्या महिन्याच्या पंधरा तारखेपर्यंत करा. यंत्रात जायबंदी झालेल्याला भरपाई द्या.

रविवारच का? रविवार हा खंडोबाचा वार, आमच्या दैवताचा दिवस, असं लोखंड्यांनी मालकांना पटवलं, असं आपल्याकडे सांगतात. आमच्या काकूंचं उत्तर काही अगदीच हवेतलं नव्हतं तर! साहेबाचं चर्च आणि जेजुरीचा खंडोबा एकाच वारावर आले. पण सुट्टी काही देवानं आणून हातात ठेवली नाही. त्यासाठी सहा वर्षं झगडावं लागलं. एप्रिल १८९० मध्ये मुंबईत दहा हजार कामगारांची मोठी सभा झाली. त्या सभेत दोन कामगार स्त्रियांनीही भाषणं केली! ज्या काळात घरंदाज बाईनं उंबऱ्याबाहेर बोलणं म्हणजे पाप, त्या काळात गिरणीत काम करणाऱ्या दोघीजणी हजारो पुरुषांसमोर उभ्या राहून सुट्टी मागत होत्या. आणि १० जून १८९० रोजी गिरणीमालकांच्या संघटनेनं रविवारची सुट्टी मान्य केली. पाठोपाठ १८९१ च्या कायद्यानं कारखान्यातल्या सगळ्याच कामगारांना आठवड्याची सुट्टी मिळाली. त्याच १८९० साली मुंबईतल्या नाभिकांनी विधवांचं केशवपन करणार नाही असं ठरवलं, त्यामागेही लोखंडेच होते. १८९७ च्या प्लेगात ते गेले. २००५ मध्ये सरकारनं त्यांचं टपाल तिकीट काढलं. पण दर रविवारी उशिरा उठणाऱ्या आपल्यापैकी कितीजणांना त्यांचं नाव ठाऊक असतं?

अधूनमधून ऐकू येतं, की रविवार ही ख्रिश्चनांची सुट्टी, आपण कशाला पाळायची? मला वाटतं, असं म्हणणाऱ्यांनी ही सगळी वाट एकदा पाहावी. रविवार चर्चमधून आला हे खरंच, ते नाकारायचं कारण नाही. 'नाताळ' हा शब्द पोर्तुगीजांकडून आला, आपण लिहितो तो इसवी सन ख्रिस्ताच्या जन्मापासून मोजतात, तसंच हे. पण आपल्याकडे तो गोरगरिबांचा झाला तो गिरणी कामगारांच्या सह्यांनी. आणि जगभराचा व्यवहारही आता त्याच्याभोवती फिरतो. पाकिस्ताननं १९७७ मध्ये शुक्रवारची सुट्टी केली आणि वीस वर्षांनी, १९९७ मध्ये, पुन्हा रविवारवर आले. संयुक्त अरब अमिरातीनं २०२२ पासून शनिवार-रविवार सुट्टी घेतली, शुक्रवारी अर्धा दिवस. माझी भाची जर्मनीत असते. तिथे तर घटनेनंच रविवारला संरक्षण दिलंय, बहुतेक दुकानं बंद. "मावशी, शनिवारी दूध आणायचं विसरलं की रविवारी काळा चहा!" असं ती फोनवर सांगते.

इथपर्यंत सगळं छान. आता आपल्या घरात डोकावू या.

आमच्या बचत गटाची मीटिंग कोणत्या दिवशी ठेवायची, यावर एकदा चर्चा झाली. मी म्हटलं, रविवार ठेवू, सगळ्यांना सुट्टी असते. तर वीसच्या वीस जणी एका सुरात म्हणाल्या, "रविवार सोडून कुठलाही दिवस चालेल, ताई!" का? तर रविवारी सगळे घरी. नऊ वाजेपर्यंत अंथरुणं निघत नाहीत. चहा तीनदा. नाश्त्याला पोहे नकोत, काहीतरी वेगळं हवं. दुपारी मटण नाहीतर पुरी-भाजी. आठवड्याचे कपडे, मुलांचे युनिफॉर्म, पाहुणे, संध्याकाळी "भजी कर गं". म्हणजे ज्या दिवशी सगळ्यांचं काम थांबतं, त्याच दिवशी आपलं दुप्पट होतं! शेतात जाणाऱ्या एका मैत्रिणीनं तर सांगितलं, "बैलाला वर्षातून एकदा पोळा तरी असतो. त्या दिवशी त्याच्या मानेवर जू ठेवत नाहीत. आमच्या पोळ्याला मात्र पुरणपोळ्या आम्हीच लाटायच्या!" सगळ्या खो खो हसल्या. मग हळूहळू गप्प झाल्या.

माझी एक ख्रिस्ती मैत्रीण गावातल्या शाळेत शिक्षिका आहे. तिला म्हटलं, तुमचा तर हा खास दिवस. ती म्हणाली, "चर्चमध्ये तासभर बसते ना, तेवढीच माझी सुट्टी. घरी आले की पातेलं चढवायचं असतंच." धर्म बदलला तरी पातेलं तेच!

ही नुसती बायकांची कुरकुर नाही. सरकारनं २०२४ मध्ये वेळेच्या वापराची देशभर पाहणी केली. घरकाम करणाऱ्या स्त्रिया त्यासाठी दिवसाला सरासरी २८९ मिनिटं देतात, म्हणजे जवळजवळ पाच तास. आणि घरकामात हात लावणारे पुरुष ८८ मिनिटं. मुलांचं, म्हाताऱ्यांचं बघणं यात धरलेलंच नाही, ते वेगळं. राज्य सरकारच्या कार्यालयांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा झाला. चांगलंच झालं. पण त्या कर्मचाऱ्यांच्या घरातल्या बायकांच्या वाट्याला एक रविवार होता, तिथे आता दोन आले!

आणि आपल्याहून आणखी एक जण या रांगेत मागे उभी आहे. धुणं-भांडी करणाऱ्या आपल्या मावशी. १९८० मध्ये पुण्यात मोलकरणींनी संप केला तेव्हा पगारवाढीबरोबर सुट्टीचीही मागणी होती. महाराष्ट्रात २००८ मध्ये घरेलू कामगारांच्या कल्याण मंडळाचा कायदा झाला. पण आठवड्याची सुट्टी आजही बहुतेक ठिकाणी मालकिणीच्या मर्जीवर. 'खाडा' म्हणतो आपण तिच्या सुट्टीला. साहेब घेतो ती रजा आणि मावशी घेते तो खाडा! त्या जुन्या यादीत मोलकरणीचं नाव स्पष्ट लिहिलेलं होतं, हे विसरून चालणार नाही.

मग करायचं काय? आमच्या गटानं एक साधा प्रयोग केला. रविवारी दुपारी जेवणं झाली, की चार ते आठ स्वयंपाकघर बंद. गॅस पेटवायचा नाही. शनिवारीच धपाटे, चटणी, चिवडा असं काहीतरी करून ठेवायचं किंवा घरच्यांनी खिचडी टाकायची, पण आठनंतर. मावशींना आठवड्यातला एक दिवस पगारी सुट्टी, तीही सगळ्या गल्लीनं एकाच दिवशी, म्हणजे तिला खरोखर घरी बसता येईल.

सगळीकडे जमलं असं नाही. एकीच्या सासूबाई म्हणाल्या, "आमच्या वेळी नव्हती हो असली थेरं." एकीच्या नवऱ्यानं दोन रविवार हॉटेलातून पार्सल आणलं आणि तिसऱ्या रविवारी खर्चाचा हिशेब मांडला. वीसपैकी सात घरांत मात्र हा नेम टिकलाय. एका घरात तर आठवीतला मुलगा कुकर लावायला शिकला आणि आता आजीला विचारतो, "आज डाळीला फोडणी मी देऊ?" त्याच आजी, बरं का, पहिल्यांदा नाक मुरडणाऱ्या! आमच्या घरी रविवारी संध्याकाळचा चहा आता आमचे हे करतात. साखर जास्त पडते, पण मी काही बोलत नाही.

त्या चार तासांत बायका काय करतात, हेही विचारलं मी. एक नुसती झोपते. एक माहेरी फोन लावते. दोघी देवळात जाऊन बसतात. एक म्हणाली, "काहीच नाही करत ताई, अंगणात खुर्ची टाकून बसते. कुणी 'अगं ऐकलंस का' म्हणत नाही, एवढंच पुरतं." विसाव्याचा दिवस यापेक्षा वेगळा काय असतो?

मैत्रिणींनो, गिरणी कामगारांना रविवार सहा वर्षांनी मिळाला, आणि तोही मागितल्यावर. आपल्याला सभा घ्यायची नाही की निवेदनावर सह्या गोळा करायच्या नाहीत. मागायचं आहे ते आपल्याच माणसांकडे, जेवणाच्या ताटावर, गोडीगुलाबीनं. पण मागायचं आहे. कारण हे घर आनंदानं आपलं असलं, तरी आपणही त्या यादीतल्या आहोत. येत्या शनिवारी थोडे जास्तीचे धपाटे लाटून ठेवा, आणि रविवारी चार वाजता गॅसचं बटण बंद करून बघा. मावशींना विचारायला विसरू नका, की त्यांना कुठला वार हवाय.